बॉनेटखालचे थर : मुंबईची फियाट आणि घरगुती दुरुस्तीचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/
जुन्या मोटारी आणि त्यांची घरच्या घरी होणारी दुरुस्ती असा विषय निघाला की डोळ्यांसमोर हवानाच्या रस्त्यांवरील रंगीत अमेरिकन गाड्या येतात. खरे तर त्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून जवळजवळ शतक संपेपर्यंत बाहेर पडत राहिलेली फियाट, जिला पुढे ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले, ती याच इतिहासाची आपल्याकडची साक्षीदार आहे.

२/
एखाद्या जुन्या वाड्याची भिंत पाहताना अभ्यासक विटांचा आकार, चुन्याचा थर, मध्येच बसवलेली लोखंडी तुळई पाहतो आणि कोणते काम कोणत्या काळातले, हे ठरवतो. जुन्या फियाटचे बॉनेट उघडले तरी हीच पद्धत चालते. कोणता भाग मूळचा, कोणता बदललेला, आणि मुख्य म्हणजे तो का बदलावा लागला, हे पाहत गेले की स्वतंत्र भारताच्या आर्थिक धोरणांची एक वही उलगडत जाते. ती कोणा इतिहासकाराने लिहिलेली नाही. गाडीच्या मालकांनी आणि गॅरेजमधल्या कारागिरांनी ती पान्याने लिहिली.

३/
थोडी पार्श्वभूमी. मुंबईत मोटारी जोडण्याचे काम स्वातंत्र्याच्या बरेच आधी सुरू झाले होते. जनरल मोटर्सचा शिवडीचा जोडणी कारखाना १९२८ चा. सुटे भाग बोटीतून यायचे आणि येथे गाडी उभी राहायची. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याहून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या होत्या. फियाट नंतर आली.

४/
१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्या कंपन्यांची टप्प्याटप्प्याने भारतात उत्पादन करण्याची तयारी आहे, त्यांनीच येथे राहावे. केवळ जोडणी करणाऱ्यांना जागा नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला.

या निर्णयाची चर्चा औद्योगिक धोरणाच्या पुस्तकांत भरपूर आढळते. मात्र रस्त्यावर आधीच धावत असलेल्या शेवरोले आणि फोर्ड गाड्यांचे काय झाले, हा प्रश्न त्या पुस्तकांत क्वचितच येतो. कंपनी गेली, गाडी राहिली. सुटे भाग मागवायचे तर आयात परवाना हवा, परकीय चलन हवे. सामान्य मालकाच्या हाती यांपैकी काहीच नव्हते. घरगुती दुरुस्तीची परंपरा आपल्याकडे छंद म्हणून रुजली नाही. ती अशी, नाइलाजातून रुजली.

५/
१९५४ मध्ये प्रीमियरने फियाट ११०० आणली. गोलसर पाठीची, पुढची दारे उलट्या दिशेने उघडणारी ही गाडी लोकांनी आपल्या पद्धतीने स्वीकारली आणि तिचे बारसेही केले : ‘डुक्कर फियाट’. या नावात तुच्छता कमी आणि लाडच अधिक होता. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली. फियाटशी असलेला करार संपल्यावर तीच गाडी आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’.

इटलीत ही ११०० मालिका १९६९ मध्ये निवृत्त झाली. आपल्याकडे ती त्यानंतरही तीन दशके बनत राहिली. इंजिन तेच, १०८९ घन सेंटिमीटरचे.

६/
तीन दशके न बदललेली गाडी म्हणजे उद्योगाची लाजिरवाणी गोष्ट, असे आज सहज म्हटले जाते. ग्राहकाच्या बाजूने ते खरेच आहे. ऐंशीचे दशक उजाडेपर्यंत संपूर्ण देशात वर्षाला पन्नास हजार मोटारीही बनत नव्हत्या. नोंदणी करून कित्येक वर्षे थांबावे लागे. १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या विक्रीच्या किमतीच बांधून दिल्या आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की तीस वर्षे एकच इंजिन राहिल्यामुळे ते इंजिन समाजाला पाठ झाले. १९६५ च्या गाडीवर हात बसलेला कारागीर १९९५ ची गाडी डोळे झाकून उघडू शकत होता. वडिलांनी शिकवलेली युक्ती मुलाच्या गाडीला लागू पडत होती. ज्ञानाचे असे संक्रमण व्हायला यंत्र स्थिर असावे लागते. हे स्थैर्य कोणी ठरवून दिले नव्हते. टंचाईने ते आपोआप दिले.

७/
आता प्रत्यक्ष इंजिनाकडे. पेट्रोलचे इंजिन चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात हवा-पेट्रोल, योग्य क्षणी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. गाडी सुरू होत नसेल तर या तिघांपैकी एक गैरहजर आहे. जुन्या मालकांची सारी तपासणी या एका सूत्रावर उभी होती.

सुरुवात ठिणगीपासून, कारण ती तपासायला सर्वांत सोपी. प्लगची वायर काढायची, प्लग बाहेर काढून वायरीला जोडायचा, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवायचे आणि दुसऱ्याला ‘सेल्फ’ मारायला सांगायचे. निळी, चटचट वाजणारी ठिणगी आली तर वीज ठीक. पिवळसर, मरगळलेली आली, किंवा आलीच नाही, तर संशय डिस्ट्रिब्युटरवर. गॅरेजच्या बोलीत ‘डेल्को’.

८/
या डेल्कोच्या टोपणाखाली दोन छोटे ‘पॉइंट’ असतात. इंजिन फिरते तसे ते उघडतात आणि मिटतात. ज्या क्षणी उघडतात, त्या क्षणी कॉइलमध्ये उच्च दाबाची वीज निर्माण होऊन प्लगकडे जाते. त्यांच्यातील फट साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत-बाहेर. फट कमी झाली तर ठिणगी मंद, वाढली तर तिची वेळ चुकते. पॉइंट काळवंडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासून फट पुन्हा लावायची, एवढे काम मालक स्वतः करीत. मात्र घासलेले पॉइंट चार दिवसांत पुन्हा जळाले, तर दोष पॉइंटचा नसून शेजारच्या कंडेन्सरचा, हे अनुभवी माणूसच ओळखे. लक्षण आणि रोग यांतला फरक ओळखणे हीच या विद्येची खरी परीक्षा होती.

मुंबईच्या पावसाळ्यात यात आणखी एक प्रकरण शिरे. दमट हवेने डेल्कोच्या टोपणात बाष्प धरायचे आणि वीज प्लगपर्यंत जाण्याआधीच वाटेत गळायची. उपाय एकच : टोपण काढून कोरड्या फडक्याने पुसणे. जून ते सप्टेंबर या काळात गाडीत कोरडे फडके असणे हे स्टेपनी असण्याइतकेच महत्त्वाचे होते.

९/
प्लग नुसता ठिणगी पाडत नाही, तो बातमीही देतो. काढलेल्या प्लगचे टोक बिस्किटाच्या रंगाचे असेल तर इंजिन समाधानी. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, म्हणजे कार्बोरेटर किंवा अडकलेला चोक पाहावा. पांढरट, भाजल्यासारखे असेल तर पेट्रोल कमी आणि उष्णता जास्त. तेलकट असेल तर रिंग झिजल्या, खर्च मोठा.

सायलेन्सरच्या धुराचेही असेच. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पिते आहे, काळा म्हणजे पेट्रोल वाया जाते आहे, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर गॅस्केटमधून पाणी आत शिरते आहे.

तिसरी गोष्ट, दाब, हँडलने कळे. हँडल सावकाश फिरवताना हाताला चार वेळा अडथळा जाणवला पाहिजे, चारही सिलिंडरचा सारखा. त्यांतला एखादा पोकळ लागला की व्हॉल्व्ह किंवा रिंग यांचा दोष. मोजणीचे एकही उपकरण न वापरता केलेले हे निदान होते.

१०/
उन्हाळ्यात घाट चढताना गाडी अचानक बंद पडे आणि अर्ध्या तासाने, काही न करता, पुन्हा सुरू होई. भुताटकीच्या गोष्टींना खाद्य पुरवणाऱ्या या प्रकाराचे कारण साधे आहे. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून असतो. इंजिन तापले की पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ ओढण्यासाठी तो पंप बनलेला नाही. मग पंपावर ओले फडके टाकायचे आणि घाटातले दृश्य पाहत बसायचे. पुढे काहींनी टाकीजवळ विजेचा पंप बसवून हा आजार मुळातूनच घालवला.

११/
येथून दुरुस्तीची हद्द संपते आणि सुधारणा सुरू होते. या सुधारणांचे थर वाचणे सर्वांत रंजक आहे.

मूळ गाडीत वीज तयार करायला डायनामो होता. डायनामोची अडचण अशी की इंजिन मंद फिरत असताना तो जवळजवळ काहीच वीज देत नाही. १९५४ च्या मोकळ्या रस्त्यांवर त्याने काही बिघडत नव्हते. पण शहर वाढले, सिग्नल वाढले, गाडी चालण्यापेक्षा उभी राहू लागली. त्यात रात्रीचे दिवे, वायपर, कोणी बसवलेला पंखा, कोणी बसवलेला टेप. बॅटरी उतरू लागली. त्यावर उपाय म्हणजे अल्टरनेटर, जो मंद गतीतही वीज देतो. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली, रस्त्यावर नव्या तंत्राच्या गाड्या वाढल्या, आणि काही वर्षांतच अशा गाड्यांचे अल्टरनेटर भंगार बाजारात मिळू लागले.

१२/
फियाटच्या इंजिनावर अल्टरनेटर थेट बसत नाही. त्यासाठी लोखंडी पट्टीचा एक ब्रॅकेट कापून, भोके पाडून, पट्टा सरळ रेषेत येईल असा बेतावा लागतो; जुना कटआउट काढून वायरिंग बदलावे लागते. हा ब्रॅकेट कोणत्याही कंपनीच्या यादीत नाही. प्रत्येक गॅरेजचा वेगळा. आज एखाद्या फियाटमध्ये असा हाताने कापलेला ब्रॅकेट दिसला, तर तो मुंबईच्या वाहतुकीच्या कोंडीचा, उदारीकरणाच्या उंबरठ्यावरील बाजाराचा आणि एका अनामिक कारागिराच्या हिशेबीपणाचा एकत्रित पुरावा आहे.

हे भाग मिळत कोठे? मुंबईत चोरबाजार, ऑपेरा हाऊसचा परिसर, कुर्ल्याचा सीएसटी रोड. पुण्यात नाना पेठ. या बाजारांचा स्वतंत्र इतिहास लिहिला जायला हवा.

१३/
दुसरा थर इंधनाचा. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाच्या किमती भडकल्या. मोठ्या अमेरिकन गाड्यांची सहा किंवा आठ सिलिंडरची पेट्रोल इंजिने पोसणे अशक्य झाले, आणि डिझेल स्वस्त होते. अनेक गाड्यांतून मूळ इंजिन उतरवून तेथे डिझेल इंजिन बसवले गेले. वरून पन्नासच्या दशकातील डौलदार गाडी, आतून ट्रॅक्टरचा आवाज. आजचे संग्राहक अशी गाडी पाहून नाक मुरडतात. परंतु ते इंजिन बदलले नसते, तर ती गाडी सत्तरच्या दशकातच भंगारात गेली असती, हेही नोंदवायला हवे.

टॅक्सींचा थर याच्या पुढचा. हवेच्या प्रदूषणाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिले आणि जुन्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी सीएनजीवर आल्या. डिकीत सिलिंडर बसले, प्रवाशांच्या बॅगा टपावरच्या कॅरिअरवर गेल्या. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत झाली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली.

१४/
१ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय निर्विवाद योग्य. पण जुन्या इंजिनांत पेट्रोलमधील शिशाचा सूक्ष्म थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीचे झिजण्यापासून रक्षण करीत असे. तो गेल्यावर जाणकार मालकांनी हेड उतरवून कठीण पोलादाच्या सीट बसवून घेतल्या. बाहेरून हा बदल दिसत नाही, पण हेड उघडल्यावर त्या इंजिनाचा काळ सांगतो.

आणि आता इथेनॉल. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभरच्या पंपांवर आले आहे. इथेनॉल हवेतील पाणी शोषते आणि जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते, ठिसूळ करते. त्यामुळे फियाटचे मालक सध्या पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधील रबरी भाग बदलून घेत आहेत. जास्त इंधन जावे म्हणून थोडे मोठे जेट बसवत आहेत. इतिहासाची गंमत पाहा : ज्या वालचंद हिराचंद यांनी कुर्ल्याचा मोटार कारखाना उभारला, त्यांच्याच नावाचे वालचंदनगर इंदापूर तालुक्यात साखर कारखान्याभोवती वसले. आज उसापासून निघणारे इथेनॉल त्यांच्याच फियाटच्या नळ्या कुरतडते आहे.

१५/
येथे एक सावधगिरी. या साऱ्या प्रकाराला ‘जुगाड’ म्हणून डोक्यावर घेण्याची हल्ली पद्धत पडली आहे. ती फसवी आहे. पॉइंटची फट चुकली तर गाडी अडखळते. ब्रेकमधली चूक माणसाचा जीव घेते. फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक. त्यांच्या हायड्रॉलिक यंत्रणेत ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल किंवा दुसरे खनिज तेल टाकले की आतील रबरी वॉशर फुगतात आणि एखाद्या उतारावर पेडल थेट तळाला जाते. जास्तीचे हॉर्न आणि दिवे फ्यूजविना थेट बॅटरीवरून जोडल्याने वायरिंग जळाल्याचे प्रकारही नवे नाहीत.

चांगला कारागीर आणि जुगाडू यांतील रेषा येथे आहे. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, पट्टे नसलेल्या गाडीला सीट बेल्ट, प्रत्येक नव्या वायरीला फ्यूज, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन : या सुधारणांनी गाडी बदलते खरी, पण ती चालवणारा सुखरूप घरी पोहोचतो. मूळ रूपाचा आग्रह ब्रेकपर्यंत ताणू नये.

१६/
या थरांचे मोल कोण ठरवणार, हा प्रश्न आता कागदावर आला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेली, खासगी वापराची, मूळ स्वरूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली गाडीच या व्याख्येत बसते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे. रोजच्या वापराला मात्र मनाई.

नियमामागचा हेतू समजण्यासारखा आहे. कोणतीही मोडतोड केलेली गाडी व्हिंटेज म्हणून मिरवू नये, हे ठीकच. पण त्याचा परिणाम पाहा. जी गाडी श्रीमंताच्या गॅरेजमध्ये झाकून राहिली, ती वारसा ठरते. जी गाडी टंचाई, तेलसंकट आणि कोंडी यांतून तगून, इंजिन बदलून, तीन पिढ्यांना घेऊन फिरली, तिला त्या व्याख्येत जागा मिळत नाही. जपणूक अपवादाची होते. सामान्य माणसाचा अनुभव गाळला जातो.

१७/
नुकसान कायद्यापुरते नाही. किंमत वाढावी म्हणून आज अनेक फियाट ‘ओरिजिनल’ केल्या जात आहेत. हाताने कापलेले ब्रॅकेट, गॅरेजवाल्याने ओतलेले बुश, डेंटरने ठोकून घडवलेला पत्रा काढून तेथे नवी, चकचकीत प्रतिकृती बसवली जाते. म्हणजे अस्सल पुरावा काढून त्याजागी नक्कल.

कारखान्यांनी मागे अहवाल ठेवले, सरकारने आयोगांचे दस्तऐवज ठेवले, न्यायालयाने निकाल ठेवले. कारागिरांनी कागद ठेवले नाहीत. त्यांचे हस्ताक्षर फक्त या सुट्या भागांवर आहे.

१८/
इमारतींच्या जतनाचे तत्त्व येथे उपयोगी पडते : केलेला बदल पुन्हा उलटवता यावा आणि प्रत्येक कामाची नोंद राहावी. ऐतिहासिक मोटारींच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ मध्ये स्वीकारलेली ट्युरिन सनदही साधारण याच वाटेने जाते. ट्युरिन म्हणजे फियाटचेच गाव.

ज्यांच्या घरी, आजोबांच्या शेडमध्ये, अशी एखादी गाडी उभी आहे आणि जे ती यंदा उघडणार आहेत, त्यांच्यासाठी काम एवढेच. पाना लावण्याआधी छायाचित्रे काढावीत. मूळ भोके वाढवू नयेत. ब्रॅकेट असलेल्या बोल्टवरच बसेल असा बेतावा. आणि काढलेला डायनामो किंवा त्या जागी बसवलेला जुना अल्टरनेटर भंगारवाल्याला न देता पुसून, तेलाचा हात फिरवून, मेणकापडात गुंडाळावा. वर एक चिठ्ठी बांधावी : कोणत्या गाडीचा, कधी काढला, का काढला, आणि ठाऊक असेल तर तो बसवणाऱ्या मिस्त्रीचे नाव.